मरुत्सखाचा ध्यास : शिवकर बापूजी तळपदे

माणसाला पंख नाहीत, ही उणीव त्याने कधीच मनापासून मान्य केली नाही. आपल्या पुराणांतले पुष्पक विमान, ग्रीकांच्या कथेतला मेणाच्या पंखांचा इकारस, अरबी कथांतला उडता गालिचा ही सारी त्या उणिवेचीच अपत्ये होत. शरीराला जे जमले नाही ते माणसाने कल्पनेकडून करून घेतले. परंतु कल्पनेतले विमान आणि लाकूड, कापड व धातू यांचे विमान यांत एक मोठा भेद आहे. कल्पनेतले विमान कधी कोसळत नाही. लाकडाचे विमान पहिल्यांदा बहुधा कोसळतेच. मग त्याचे मोडलेले तुकडे गोळा करून, ते का कोसळले याचा विचार करीत जो माणूस पुन्हा कामाला बसतो, त्याच्यापासून विमानविद्येचा खरा इतिहास सुरू होतो.

विमानाच्या ध्यासाने झपाटलेला असा एक माणूस आपल्या मुंबईत, गिरगावजवळच्या चिराबाजारात होऊन गेला. त्याचे नाव शिवकर बापूजी तळपदे. हे नाव आज अपरिचित नाही. वक्तृत्वस्पर्धांतून ते दरवर्षी घुमते. २०१५ मध्ये त्यांच्या जीवनावर बेतलेला ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपटही येऊन गेला. राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे तळपद्यांनी विमान उडविले, असे एक पक्ष छातीठोकपणे सांगतो. दुसरा पक्ष ही निव्वळ बाता म्हणून हसण्यावारी नेतो. या दोन पक्षांच्या ओढाताणीत प्रत्यक्ष तळपदे कोठे आहेत? एक चित्रकलेचा शिक्षक, संस्कृतचा व्यासंगी, स्वतःच्या हातांनी विमानाची प्रतिकृती घडवू पाहणारा मुंबईकर? त्यांचा शोध घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

जन्म आणि ती मुंबई

तळपद्यांचा जन्म १८६४ सालचा, पाठारे प्रभू ज्ञातीतला. मुंबईच्या अगदी जुन्या रहिवाशांत या ज्ञातीची गणना होते. विद्येची आवड, इंग्रजी शिक्षणाकडे लवकर वळलेला ओढा आणि कलाकुसरीची हौस यांसाठी हा समाज प्रसिद्ध होता.

१८६४ ची मुंबई म्हणजे कापसाच्या तेजीने वेडी झालेली मुंबई. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईवर सोन्याचा पाऊस पडू लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, तेजी फुटली आणि अनेक पेढ्या बुडाल्या. पण शहर वाढायचे थांबले नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली होती. ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी राहिली होती आणि हळूहळू परळ-लालबागचे आकाश धुराड्यांनी भरू लागले होते.

आपल्या घोडपदेवच्या परिसराशी या काळाचे नाते फार जवळचे आहे. एका बाजूला माझगावच्या गोद्या, दुसऱ्या बाजूला परळचे रेल्वे वर्कशॉप, मधल्या पट्ट्यात गिरण्या आणि गुदामे. लोखंड कापणारे, रंधा मारणारे, पितळ ओतणारे हात याच भागात तयार झाले. पुढे माटुंग्याला गेलेली व्ही. जे. टी. आय. ही संस्था १८८७ मध्ये निघाली, तीही आपल्या शेजारच्या भायखळ्यालाच. यंत्र ही वस्तू दुरून नमस्कार करण्याची नसून उघडून, खोलून, पुन्हा जोडण्याची आहे, हे मुंबईच्या माणसाला या पन्नास वर्षांत कळले. तळपदे ज्या हवेत वाढले ती हवा ही अशी होती.

कलाशाळेतले संस्कार

तळपदे शिकले सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. विमानाचा विचार करणारा माणूस कलाशाळेतून यावा याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. वास्तविक त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. १८५७ मध्ये सुरू झालेली ही शाळा केवळ चित्रे रंगविण्याची शाळा नव्हती. प्रमाणबद्ध रेखाटन, लाकडावरील कोरीवकाम, मातीकाम, धातुकाम हे सारे तिच्या कक्षेत होते. १८९१ मध्ये शाळेला जोडून हस्तव्यवसायांच्या कार्यशाळा निघाल्या. त्यांना गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. त्याच लॉर्ड रे यांच्या नावाच्या स्टेशनावर आपल्यापैकी कितीतरी जण रोज उतरतात, पण या कार्यशाळांची आठवण कोणाला होत नाही!

विमानाचे मॉडेल बांधणाऱ्याला प्रथम काय लागते? इंजिन नव्हे. त्याला लागते ती नजर: दोन्ही पंख वजनाने व आकाराने सारखे आहेत की नाही, कड सरळ आहे की नाही, कोन किती अंशांचा आहे, हे ओळखणारी नजर. आणि त्या नजरेच्या हुकमतीत वागणारा हात. हे दोन्ही कलाशाळा देत होती. तळपद्यांच्या काळात शाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स हे होते. त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम १८७२ ते १८८५ या काळात केले. त्या चित्रांत आकाशातून तरंगत जाणारे गंधर्व आणि विद्याधर आहेत. त्यांना पंख नाहीत, तरी ते उडताना दिसतात. चित्रकाराला एवढे पुरते. तळपद्यांना मात्र ते पुरले नाही.

वेदांकडे वळलेली दृष्टी

कलाशाळेत असताना तळपद्यांना चिरंजीलाल वर्मा या गुरूंचा सहवास लाभला. त्यांनी तळपद्यांना स्वामी दयानंद सरस्वतींच्या ग्रंथांची ओळख करून दिली. दयानंदांनी आर्यसमाजाची स्थापना १८७५ मध्ये केली ती मुंबईतच, गिरगावात. त्यांच्या ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिका’ या ग्रंथात नौका आणि विमाने यांच्या विद्येवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तारायंत्राच्या विद्येचाही विचार आहे. ऋग्वेदातील अश्विनीकुमारांच्या वेगवान रथांचे वर्णन हे प्रत्यक्ष यानांचे वर्णन होय, अशी त्यांची मांडणी होती.

ही मांडणी आजच्या संस्कृतपंडितांपैकी बहुतेकांना मान्य नाही. वैदिक ऋषींचा उडता रथ हे काव्य आहे, यंत्राचा नकाशा नव्हे, असेच विद्वान मानतात. परंतु तळपदे ज्या काळात तरुण होते तो काळ विसरून चालणार नाही. एतद्देशीयांना विज्ञान जमणार नाही, त्यांनी कारकुनी करावी, असे मानणारे राज्यकर्ते डोक्यावर बसलेले होते. अशा वेळी आपल्याच ग्रंथांत विमानविद्या आहे असे कोणी सांगितले, तर स्वाभिमानी तरुणाचे मन पेटून उठणे स्वाभाविक होते. बहुतेकांनी ती गोष्ट अभिमानाने ऐकली, दुसऱ्याला अभिमानाने सांगितली आणि संपविली. तळपद्यांचे वेगळेपण असे की, ते त्यावर थांबले नाहीत. विद्या खरी असेल तर तिने बनविलेली वस्तू उडाली पाहिजे, हा सरळ हिशेब त्यांनी मांडला आणि ते विमान बांधावयास निघाले. श्रद्धेला प्रयोगाच्या दारात उभे करण्याचे हे धैर्य त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे, असे मला वाटते.

तेव्हाचे जग

तळपदे एकटे नव्हते. त्या दशकात साऱ्या जगाला आकाशाचे वेड लागले होते. १८७१ मध्ये पॅरिसच्या तुइलेरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने पिळलेल्या रबराच्या जोरावर पंखा फिरविणारे एक चिमुकले विमान उडवून दाखविले होते. ते सुमारे ११ सेकंद हवेत राहिले. आज पोरे खेळतात त्या रबरी विमानांचा तो आद्य पूर्वज होय. जर्मनीत ओटो लिलिएन्थाल टेकडीवरून पंखांच्या आधारे तरंगत उतरत होता. दोन हजारांच्या आसपास उड्डाणे करून १८९६ मध्ये तो अशाच एका अपघातात दगावला. इंग्लंडात हायरम मॅक्सिमने वाफेच्या इंजिनाचे साडेतीन टनांहून अधिक वजनाचे एक धूड बांधले. ३१ जुलै १८९४ रोजी ते रुळांवरून उचलले गेले, वरचा अडसर तोडून बाजूला गेले आणि मोडले.

ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हारग्रेव्ह हा गृहस्थ रबरावर आणि दाबलेल्या हवेवर चालणारी मॉडेले एकामागून एक बांधीत होता. १२ नोव्हेंबर १८९४ रोजी त्याने पेटीच्या आकाराचे चार पतंग एका दोरीला बांधले, त्यांच्याखाली स्वतः बसला आणि जमिनीपासून १६ फूट वर उचलला गेला. त्याने एकाही शोधाचे पेटंट घेतले नाही; जे केले ते, फसलेल्या प्रयोगांसकट, छापून सर्वांच्या हाती दिले.

भारतातही आकाश अगदी अनोळखी राहिले नव्हते. १८८९ मध्ये पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रज बलूनवाल्याचे खेळ आपल्याकडे झाले, आणि त्याच वर्षी कलकत्त्यात रामचंद्र चॅटर्जी हे भारतीय गृहस्थ बलूनमधून आकाशात गेले. पण बलून म्हणजे हवेपेक्षा हलक्या वायूची पिशवी. हवेपेक्षा जड वस्तू स्वतःच्या बळावर उडविणे हे कोडे निराळे होते. ते कोणालाच सुटले नव्हते. तळपद्यांनी हात घातला तो या कोड्याला.

१८९५ ची गोष्ट

आपल्या यंत्राला तळपद्यांनी नाव दिले ‘मरुत्सखा’, म्हणजे वाऱ्याचा मित्र. नाव ठेवणाऱ्याची रसिकता या एका शब्दात दिसते. वाऱ्यावर स्वारी करणारा नव्हे, वाऱ्याला जिंकणारा नव्हे, तर त्याचा मित्र!

प्रचलित कथा अशी. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर लोकांच्या समक्ष हे चालकविरहित विमान उचलले गेले, सुमारे १५०० फूट उंच गेले आणि मग खाली येऊन पडले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड त्या वेळी उपस्थित होते, असेही सांगतात. स्वतः चित्रकार असलेले आणि पुढे वेदाभ्यासक म्हणून कीर्ती पावलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी मरुत्सखा काही मिनिटे हवेत राहिल्याचे लिहिले आहे.

ही कथा ऐकताना अभिमानाने ऊर भरून येतो. पण अभिमानाला डोळे असावेत. १५०० फूट म्हणजे किती? विद्यापीठाचा राजाबाई टॉवर २८० फुटांचा आहे. असे पाच टॉवर एकावर एक ठेवले तरी त्यांच्याही वर! एवढ्या उंचीवर गेलेली वस्तू साऱ्या गिरगावाला आणि मलबार हिलला दिसली असती. तेव्हाच्या मुंबईत इंग्रजी, मराठी व गुजराती वृत्तपत्रांची वाण नव्हती. पुण्यास ‘केसरी’ होता. असे असूनही त्या दिवसाचे समकालीन वृत्त आजवर कोणालाही पुढे ठेवता आलेले नाही. न्यायमूर्ती रानडे त्या काळी मुंबई उच्च न्यायालयातच होते, तेव्हा त्यांनी चौपाटीवर येणे अशक्य नव्हते. परंतु शक्य असणे निराळे आणि घडल्याचा पुरावा असणे निराळे. जे लिहिले गेले ते फार नंतर, ऐकीव आठवणींवरून.

विमान चालले कशावर, याविषयी तर आणखी चमत्कारिक गोष्टी सांगितल्या जातात. पाऱ्यावर सूर्यकिरण पडून त्यातून हायड्रोजन निघाला आणि त्याने विमान उचलले, अशी एक कथा आहे. शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे की पारा हे मूलद्रव्य आहे. त्यात हायड्रोजन नसतोच, तर निघणार कोठून? शिवाय पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. जे यंत्र हलक्यात हलके असावयास हवे, त्यात कोणता कारागीर तो भरील? ही कथा तळपद्यांना मोठे करीत नाही. उलट, बांबू आणि कापड यांचे वजन ओळखणाऱ्या कारागिराला ती जादूगार बनविते.

मॉडेल उडविणाऱ्याचे प्रश्न

एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये ज्यांनी एरोमॉडेलिंग केले असेल, त्यांना या गोष्टीकडे पाहण्याची एक वेगळी, अधिक कसोटीची दृष्टी आहे. मॉडेल बांधून झाले की आपण लगेच इंजिन सुरू करीत नाही. प्रथम पंखाखाली, पुढच्या कडेपासून साधारण एक-तृतीयांश अंतरावर, दोन बोटांवर ते तोलून पाहतो. नाक जड की शेपूट जड हे तेथे कळते. मग मऊ गवतावर हाताने हलकेच सोडतो. नाक वर करून ते थबकले आणि धपकन पडले, तर नाकात थोडे शिसे घालावयाचे. सरळ नाक खुपसले, तर शेपटीची फळी किंचित वळवावयाची. दोन्ही पंख टोकांकडे थोडे वर उचललेले नसतील तर मॉडेल एका अंगावर कलते आणि पुन्हा सावरत नाही. पतंग उडविणाऱ्या पोरालाही हे ज्ञान निराळ्या रीतीने असते. दोरा चुकीच्या जागी बांधला की पतंग गोते खातो, आणि शेपूट लावली की ताळ्यावर येतो.

यंत्रात माणूस बसला असेल तर तो चुका सावरतो. माणूस नसेल तर दोनच मार्ग उरतात. एक तर विमानाची रचनाच अशी हवी की कलले तरी ते आपोआप सरळ व्हावे. पेनोच्या त्या ११ सेकंदांचे महत्त्व हेच होते. नाही तर जमिनीवरून त्याला आज्ञा देता आली पाहिजे. आज हौशी मुलगा हातातल्या रेडिओ-पेटीवरची दांडी इंचभर सरकवितो आणि अर्धा मैल दूर असलेल्या विमानाची शेपटी वळते. लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालणारे ड्रोन तर आता लालबाग-परळच्या लहान मुलांच्याही ओळखीचे झाले आहे. परंतु १८९५ मध्ये ही सोय जगात कोठेच नव्हती. निकोला टेस्लाने न्यूयॉर्कला रेडिओच्या लहरींनी चालणारी छोटी नौका दाखविली ती १८९८ मध्ये. विमानाच्या मॉडेलला रेडिओने हुकमत मानावयास लावणाऱ्या पहिल्या यशस्वी हौशी मंडळींत वॉल्टर व विल्यम गुड या अमेरिकन बंधूंचे नाव घेतात. ते वर्ष होते १९३७.

म्हणून मरुत्सखाविषयी विचारावयाचा खरा प्रश्न किती उंच गेले हा नव्हे. ते तोल कसा सावरीत होते? वजन किती, पंख किती हात, शक्ती कशाची आणि ती किती वेळ टिकली? दुसऱ्या दिवशी तेच विमान पुन्हा उडाले का? मोडल्यावर त्यात काय बदल केले? या प्रश्नांची उत्तरे देणारी मोजमापे आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत.

तुलनेसाठी दोन उदाहरणे पाहावीत. ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली याने पोटोमॅक नदीवर वाफेच्या इंजिनाचे एक चालकविरहित मॉडेल सोडले. ते सुमारे एक किलोमीटर उडाले. टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल तेथे साक्षीला होता; त्याने छायाचित्र घेतले. या यशाच्या आधी लँग्लीची कितीतरी मॉडेले फसली होती आणि त्यांची नोंदही त्याने ठेवली होती. दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये, मध्ये भिंती असताना, विद्युत्लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखविली. त्याच वर्षी त्यांचे निबंध छापून प्रसिद्ध झाले. तेव्हा पारतंत्र्यात पुरावा ठेवणे शक्यच नव्हते, असेही म्हणता येत नाही. बोस यांच्याजवळ महाविद्यालय, प्रयोगशाळा व विद्वत्सभा होत्या, तळपद्यांजवळ यांपैकी काहीच नव्हते, हे मात्र न्यायाने सांगितले पाहिजे.

उत्तरायुष्य

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा शिरकाव झाला. मांडवीपासून सुरू झालेली ती साथ शहरभर पसरली; माणसे घरेदारे सोडून पळाली, गिरण्या ओस पडल्या. या धामधुमीनंतरच्या काळात तळपदे आपल्याला दिसतात ते मुख्यतः लेखक आणि वेदाभ्यासक म्हणून. १९०७ मध्ये त्यांचे ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हे पुस्तक निघाले. ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्तावर आणि पातंजल योगदर्शनावरही त्यांनी लेखन केले.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी किटी हॉकच्या वाळूवर १२ सेकंदांचे उड्डाण केले होते. अंतर अवघे १२० फूट. पण छायाचित्र, साक्षीदार, वाऱ्याच्या वेगाची नोंद आणि मागे दोन-तीन वर्षांचे पंखांचे प्रयोग, हे सर्व त्यांच्यापाशी होते. फेब्रुवारी १९११ मध्ये अलाहाबादेहून हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने यमुनेपलीकडे नैनीला विमानाने टपाल नेले. तळपद्यांच्या हयातीतच भारताच्या आकाशात विमान आले. पण ते परक्यांनी आणलेले होते.

याच उत्तरकाळात म्हैसूर प्रांतातील सुब्बराय शास्त्री या पंडितांशी तळपद्यांचा संबंध आला. प्राचीन विमानविद्या आपल्याला स्फुरते, असे शास्त्री सांगत. त्यांच्या मार्गदर्शनाप्रमाणे तळपद्यांनी काही मॉडेले बांधली. ती उडाली नाहीत.

वाचकहो, या एका वाक्यापाशी क्षणभर थांबावे असे मला वाटते. चौपाटीच्या कथेला समकालीन आधार सापडत नाही. पण ही अपयशाची हकीकत शास्त्रींच्या स्वतःच्या चरित्रकथनातून आलेली आहे, आणि आपल्या पक्षाचे अपयश कोणी उगाच रचून सांगत नाही. यातून आणखीही एक गोष्ट उलगडते. १५०० फूट उडालेले यंत्र ज्याच्या हाती आहे, तो माणूस पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्याच्या सांगण्यावरून मॉडेले कशाला बांधीत बसेल? आधीच्या यंत्राने जे दिले नव्हते तेच तो नव्याने शोधीत असला पाहिजे. म्हणजे पन्नाशीकडे झुकलेला, विमानविद्येचा मान जगात दुसऱ्यांना मिळालेला पाहिलेला हा मनुष्य अजूनही लाकूड तासत होता, जोडीत होता, मोडलेले दुरुस्त करीत होता! १९१६ मध्ये तळपदे निवर्तले.

मृत्यूनंतरची वाटचाल

पुढे सुब्बराय शास्त्रींनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितलेले श्लोक उतरवून घेण्यात आले. तेच ‘वैमानिक शास्त्र’ म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झाले आणि भरद्वाज मुनींच्या नावाने गाजले. १९७४ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पाच शास्त्रज्ञांनी या ग्रंथाची कसून तपासणी केली. त्यात वर्णिलेली विमाने उडणे शक्य नाही आणि हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. हे काम त्यांनी कुचेष्टेने केले नाही. भाषा, चित्रे, वजने, आकार यांचा एकेक हिशेब मांडून केले. तरीसुद्धा जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावर प्राचीन विमानांचे गुणगान झालेच, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची चर्चा केली. त्या गदारोळात तळपद्यांचे नाव पुन्हा एकदा ढालीसारखे पुढे केले गेले.

असल्या दंतकथा केवळ आपल्याकडेच होतात असे मात्र कोणी समजू नये. फ्रान्समध्ये क्लेमाँ आदेर याने १८९७ मध्ये आपण ३०० मीटर उडालो असे नंतर सांगितले आणि देशाने ते अभिमानाने उचलून धरले. पुढे त्या चाचणीचा सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावरून विमान उडालेच नव्हते असे स्पष्ट झाले. इंग्लंडात स्ट्रिंगफेलोच्या १८४८ मधील वाफेच्या मॉडेलविषयीही असाच वाद आहे. म्हणून काही फ्रेंचांनी आदेरला किंवा इंग्रजांनी स्ट्रिंगफेलोला टाकून दिले नाही. त्यांनी जे प्रत्यक्ष केले त्याचा मान त्यांना आहे. तळपद्यांच्या बाबतीत आपणही एवढा समंजसपणा का दाखवू नये?

समारोप

तळपद्यांच्या चरित्राचा हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला काय उरते? माझ्या मते पुष्कळ उरते. प्रयोगशाळा नाही, राजाश्रयाची खात्री नाही, जवळपास बरोबरीने बोलणारा एकही अभियंता नाही. अशा स्थितीत एक कलाशिक्षक उठतो आणि जगातल्या मोठमोठ्या यंत्रवेत्त्यांना न सुटलेले कोडे सोडवू पाहतो. ग्रंथात लिहिले आहे तेवढ्यावर तो समाधान मानीत नाही; ते बांधून पाहतो. त्याचे मॉडेल उडाल्याचा भरवसा देता येत नाही, पण त्याने हात कामाला लावले हे खरे.

उणेच्या बाजूलाही लिहिले पाहिजे. त्यांनी मार्ग शोधला तो मुख्यतः पोथीत. वारा, वजन आणि पंख यांना थेट प्रश्न विचारणाऱ्या मोजमापांच्या वह्या आपल्याला मिळाल्या नाहीत. हारग्रेव्हप्रमाणे फसलेले प्रयोग छापून ठेवले गेले असते, तर पुढचा मुंबईकर तरुण त्यांच्या खांद्यावर उभा राहिला असता. तसे झाले नाही. त्यांचा ध्यास त्यांच्याबरोबर संपला आणि मागे उरल्या त्या कथा. कथेवर टाळ्या मिळतात, पण कथेची दुरुस्ती करून तिला पुढे नेता येत नाही. ती फक्त फुगविता येते. मोडलेल्या मॉडेलचे तसे नसते. ते कोठे मोडले ते दिसते, म्हणून ते सुधारता येते.

घोडपदेव, काळाचौकी, लालबाग येथील कितीतरी घरांत आजही लेथवर हात बसलेले वडील आणि रेडिओ-पेट्या उघडून पाहणारी मुले आहेत. आपण कला शाखेचे विद्यार्थी आहोत, आपला यंत्रांशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. तळपदेही चित्रकलेचेच होते. आपल्यापैकी कोणी बांबूच्या कामट्या व पातळ कागद यांचे एखादे मॉडेल बांधावे, त्याचे वजन व माप वहीत टिपावे, ते किती सेकंद हवेत राहिले आणि का पडले ते प्रामाणिकपणे लिहावे, आणि दुरुस्त करून पुन्हा सोडावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुन्या वृत्तपत्रांच्या फायली चाळून १८९५ ची पाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत. त्यात मरुत्सखाचे वृत्त सापडले तर सारा देश आनंदेल. न सापडले तरी सत्य एक पाऊल जवळ येईल. चिराबाजारातल्या त्या ध्येयवेड्या शिक्षकाला आपल्याकडून द्यावयाची आदरांजली ती हीच.